'बाष्पीभवन' : शब्दाचा अर्थ, व्युत्पत्ती आणि बार्शी परिसराचा संदर्भ

प्रास्ताविक :
द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस मराठी शास्त्रीय परिभाषेत 'बाष्पीभवन' म्हणतात. हा शब्द कृत्रिम व लोकव्यवहारापासून तुटलेला आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्याची सत्यता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

व्युत्पत्ती :
संस्कृत 'बाष्प' शब्दाचे वाफ आणि अश्रू असे दोन अर्थ आहेत. प्राकृतात हे अर्थ उच्चारानेच वेगळे झाले. वररुचीचा 'प्राकृतप्रकाश' व बाराव्या शतकातील हेमचंद्राचे व्याकरण यांनुसार अश्रू या अर्थी 'बाह', तर वाफ या अर्थी 'बप्फ' असे रूप होते. मराठी 'वाफ', गुजराती 'बाफ' व हिंदी 'भाप' हे याच 'बाष्प'चे वंशज होत. 'बाष्पीभवन' या शब्दात पाणिनीय व्याकरणातील 'च्वि' प्रत्यय आहे. जे मुळात तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ. म्हणून जे बाष्प नव्हते ते बाष्प होणे म्हणजे बाष्पीभवन. तसे घडवून आणणे म्हणजे बाष्पीकरण.

बार्शीचा संदर्भ :
१८९५ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फूट रुंदीची लोहमार्गसेवा मार्च १८९७ मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे अभियंते होते. ही गाडी वाफेच्या शक्तीवर धावे. तथापि मराठीने अशा वाहनास 'आगगाडी' म्हटले. लोकभाषेने डोळ्यांना दिसणारी आग टिपली. बाष्पकात घडणारी क्रिया अनामिक राहिली. १९५४ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २००८ मध्ये हा मार्ग रुंद झाला.

याच परिसरातील रब्बी ज्वारीच्या शेतीत 'वाफसा' हा शब्द रूढ आहे. पावसानंतर जादा पाणी निचरून मातीत ओल व हवा यांचा मेळ बसला, की वाफसा आला असे शेतकरी म्हणतो व पेरणीस लागतो. येथेही नाव अवस्थेला आहे, क्रियेला नाही. शास्त्राला मात्र क्रियेचेच नाव हवे असते. बाष्पकातील पाणी उकळते, तर जमिनीतील ओल कोणत्याही तापमानास पृष्ठभागावरून उडून जाते. 'वाफ' हा एकच शब्द दोहोंस लावल्यास हा भेद लोपतो. शिवाय डोळ्यांना दिसणारी वाफ हे वस्तुतः सूक्ष्म जलकण असतात. खरे बाष्प अदृश्य असते.

निष्कर्ष :
'वाफ' व 'बाष्पीभवन' हे एकाच कुळातील शब्द आहेत : एक प्राकृतातून घरात आलेला, दुसरा संस्कृतातून घडविलेला. म्हणून 'बाष्पीभवन' परका ठरत नाही. तो कठीण वाटतो तो हे नाते अध्यापनात सांगितले जात नाही म्हणून. वाफसा जाणणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला तो पाठांतराने नव्हे, त्याच्या शेतातून शिकविता येईल.