चुकीलाही नाव हवे

उर्दूत नुक्ता वरून खाली आला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. मराठीत वेलांटी बदलली की ‘दीन’चा ‘दिन’. म्हणून वहीत नुसती लाल फुली पुरत नाही. कोणती चूक, तेही लिहावे लागते.

संगणकाच्या भाषांनाही हे हळूहळूच उमगले. युनिक्सवर ‘सी’ भाषेत काम अडले की एक क्रमांक हाती येई: फाइल सापडली नाही तर २, परवानगी नसेल तर १३. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये आणलेल्या पायथॉनमध्येही फाइलच्या चुका अशाच क्रमांकावरून ओळखाव्या लागत. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत त्यांना ‘फाइलनॉटफाउंडएरर’, ‘परमिशनएरर’ अशी स्वतंत्र नावे मिळाली. स्टँडर्ड लायब्ररीच्या माहितीपुस्तकात अशा प्रत्येक नावापुढे ती चूक केव्हा होते हे लिहिलेले असते.

आपल्या लिपींशी संबंधित नाव त्याआधीच, २००३ मध्ये, आले होते: ‘युनिकोडडिकोडएरर’. युटीएफ-८ मध्ये देवनागरी ‘ब’ला तीन बाइट लागतात, उर्दूच्या ‘बे’ला दोन. तो मजकूर ‘अ‍ॅस्की’ समजून वाचला, तर ही चूक कोणत्या बाइटपाशी वाचन अडले तेसुद्धा सांगते. ‘लॅटिन-१’ समजून वाचला, तर मात्र तक्रार काहीच नाही; अक्षरे तेवढी भलतीच. आमच्या शहापूर-मुरबाडकडे जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर अशाच मुकाट्याने बिघडून उघडतात.

मुलाला ‘चुकलास’ म्हणायला क्षण पुरतो. काय चुकले आणि कुठे, हे नोंदवायला कुणीतरी बसावे लागते.