मोबाईल: फोनच्या आधीचा, लाकडाचा, हवेवर चालणारा

हा भाग तुम्ही बहुतेक मोबाईलवरच ऐकताय किंवा वाचताय. पण १९३१ साली पॅरिसमध्ये कोणी 'मोबाईल' म्हटलं असतं, तर तो फोनबद्दल नव्हे, शिल्पाबद्दल बोलत असता. छताला टांगलेलं, दोऱ्यांनी आणि तारांनी जोडलेलं, हवेच्या झुळुकीवर फिरणारं शिल्प. आज त्याचीच गोष्ट, आणि त्यातही लाकडाची. शेवटी एक प्रश्नही आहे: असं शिल्प आपण पैसे देऊन करून घेतलं, तर ते पूर्णपणे आपलं होतं का?

सुरुवात कपड्यांच्या हँगरपासून. १९२० साली मॅन रे नावाच्या अमेरिकन कलाकाराने लाकडी हँगर घेतले. एक छताला टांगला. त्याच्या दोन टोकांना दोन, त्या दोघांच्या टोकांना चार, मग आठ, सोळा, बत्तीस. एकूण ६३. इंजिनिअरिंग केलेल्यांनी ओळखलं असेलच, ही सरळसरळ सहा लेव्हलची बायनरी ट्री आहे! शिल्पाचं नाव 'ऑब्स्ट्रक्शन', म्हणजे अडथळा. नाव अगदी बरोबर, कारण अजून दोन-तीन लेव्हल वाढवल्या की खोलीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. त्याच सुमारास मॉस्कोत अलेक्झांडर रोदचेंको प्लायवूडच्या एकाच पत्र्यातून एकात एक बसणारी वर्तुळं आणि लंबवर्तुळं कापत होता. ती उघडून तारेने टांगली की हवेत फिरायची, आणि काम झालं की पुन्हा सपाट मिटायची.

पण या प्रकाराला नाव मिळालं ते अलेक्झांडर काल्डरमुळे. घरात आजोबा शिल्पकार, वडील शिल्पकार, आणि हा पठ्ठ्या १९१९ साली स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. आपल्याकडे उलटं होतं: आधी इंजिनिअरिंग आणि मग 'मला खरं तर काय करायचंय' याचा शोध. तसं बघितलं तर त्याचंही तेच झालं म्हणा! १९३० साली तो पॅरिसमध्ये चित्रकार मोंद्रियानच्या स्टुडिओत गेला. भिंतीवर रंगीत आयत लावलेले होते. काल्डरच्या मनात आलं, हे हलले तर? मग त्याने हँडल आणि मोटर लावून हलणारी शिल्पं केली. १९३१ साली ती बघून मार्सेल द्युशाँने 'मोबाईल' हे नाव सुचवलं. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'हलणारं' असा होतो आणि 'हेतू' असाही.

मोटरचा त्याला लवकरच कंटाळा आला, कारण मोटर तेच तेच करते. १९३२-३३ मध्ये त्याने छतापासून एक दांडी टांगली. तिच्या एका बाजूला लोखंडाचा जड गोळा, दुसऱ्या बाजूला लाकडाचा छोटा गोळा, आणि खाली जमिनीवर बाटल्या, डबा, खोका. जड गोळ्याला धक्का दिला की लाकडी गोळा झोके घेत कशावर तरी आपटायचा. कशावर आणि कधी, हे कोणालाच सांगता यायचं नाही. प्रोग्रॅम तोच, पण आउटपुट दर वेळी वेगळं.

आता यामागचं गणित. वाण्याच्या तराजूला दोन्ही हात सारखे असतात. मोबाईलला ते सारखे असावे लागत नाहीत. ६० ग्रॅमचा तुकडा टेकूपासून १० सेंटीमीटरवर असेल, तर २० ग्रॅमचा ३० सेंटीमीटरवर लावा. ६० गुणिले १० म्हणजे ६००, २० गुणिले ३० म्हणजेही ६००. जमलं! (दांडीचं वजन तूर्त सोडून द्या.) आता ही अख्खी दांडी वरच्या दांडीसाठी ८० ग्रॅमचा एकच तुकडा झाली. म्हणून मोबाईल खालून वर बांधतात. वरून सुरुवात केलीत, तर खालचा एक तुकडा बदलला की वरचं सगळं पुन्हा जुळवायला लागतं. थोडक्यात काय, हे रिकर्शन आहे, फक्त हाताने केलेलं.

लाकडात अजून एक भानगड असते. एकाच मापाचे दोन तुकडे एकाच वजनाचे असतील असं नाही. बाल्सा पिसासारखं हलकं, तर काही एबनी इतकं जड की पाण्यात बुडतं. शिवाय लाकूड हवेतली ओल शोषतं. मे महिन्यात पुण्यात तंतोतंत जुळवलेला मोबाईल जुलैत रत्नागिरीत टांगला, तर एका बाजूला झुकू शकतो. म्हणून अनुभवी हात वाळलेलं लाकूड घेतात, सगळ्या बाजूंनी पॉलिश करतात आणि टांगायची कडी थोडी सरकवता येईल अशी ठेवतात.

आता ऑर्डरची गोष्ट. व्हेनेझुएलात काराकासच्या विद्यापीठात एक प्रचंड सभागृह उभं राहत होतं, आउला माग्ना. वास्तुविशारद कार्लोस राउल व्हियानुएव्हा. सभागृहाचा आकार देखणा, पण आवाजासाठी अवघड. मग काल्डर आणि बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीतले ध्वनितज्ज्ञ रॉबर्ट न्यूमन यांनी मिळून लाकडाच्या थरांचे रंगीत 'ढग' केले. छताला आणि भिंतींना मिळून ३१. हे ढग फिरत नाहीत, पण आवाज कुठे परतवायचा हे काम ते चोख करतात. २००० साली तो परिसर जागतिक वारसा ठरला. आणि ऐका, हीच कंपनी १९६९ साली इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटची नेटवर्क यंत्रं बनवणारी! लाकडी ढगांपासून डिजिटल क्लाउडपर्यंत, म्हटलं तर एकच घराणं.

काराकासमध्ये गिऱ्हाईक आणि कलाकार एकमेकांचं ऐकत होते. पिट्सबर्गमध्ये तसं झालं नाही. काल्डरचा १९५८ सालचा एक मोठा मोबाईल एका संग्राहकाने विकत घेऊन तिथल्या विमानतळासाठी काउंटीला भेट दिला. काउंटीने तो आपल्या हिरव्या आणि सोनेरी रंगात रंगवून टाकला. वाऱ्यावरची त्याची मोकळी हालचालही गेली. काल्डरने विरोध केला, पण अमेरिकेतला तेव्हाचा कायदा त्याच्या बाजूने नव्हता. मूळ रूप परत आलं ते १९७६ साली तो गेल्यानंतर.

आपल्याकडे काय? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. कलाकृती विकली, हक्क दिले, तरी तिची मोडतोड करून आपल्या नावाला धक्का लावला म्हणून कलाकार दाद मागू शकतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि त्यात त्याची नासधूस झाली. ते कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सव्वीस वर्षं लागली, पण तत्त्व पक्कं झालं.

काल्डर भारतातही येऊन गेला बरं का. १९५५ साली अहमदाबादच्या गीरा साराभाईंनी त्याला बोलावलं. व्यवहार साधा: प्रवास आमच्याकडून, बदल्यात इथे राहून शिल्पं करून द्यायची. काय करायचं ते त्याचं त्याने ठरवलं.

तेव्हा उद्या घरासाठी किंवा ऑफिसच्या लॉबीसाठी एखाद्या सुताराकडून, कलाकाराकडून लाकडी मोबाईल करून घ्यायचा असेल, तर फोटो पाठवून 'असाच हवा' म्हणू नका. जागा दाखवा. छत किती उंच, पंखा आणि एसी कुठे, हुक किती वजन पेलेल, ते सांगा. दुरुस्ती कोण करणार आणि बदल करायचा झाला तर आधी कोणाला विचारायचं, हे दोन ओळींत लिहून घ्या. पैसे दिल्यावर लाकूड, तार, हुक सगळं तुमचं. पण तो तोल ज्याने जुळवला, त्याला न विचारता त्याला हात लावायचा नाही.

आजचं इतकंच. एपिसोड आवडला तर एखाद्या इंजिनिअर मित्राला पाठवा, आणि ६३ हँगर जमले तर फोटो आम्हाला!