गाडी टायर का खाते?

आपल्याकडे गॅरेजात आणि टायरच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘साहेब, गाडी टायर खातेय.’ वाक्य साधे आहे, पण फार नेमके आहे. त्यात टायरला दोष दिलेला नाही. खाणारी गाडी आहे, टायर बिचारा खाल्ला जातो आहे. मालक मात्र बहुधा उलट समजतो. टायर वेळेआधी गुळगुळीत झाला की तो कंपनीच्या नावाने दोन शब्द बोलतो, दुसऱ्या कंपनीचा नवा टायर बसवतो, आणि वर्ष सरते न सरते तोच हाही टायर त्याच बाजूने, त्याच तऱ्हेने झिजलेला दिसतो. शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरी चार टायर म्हणजे काही लहान खर्च नव्हे. आणि खर्चाचे एक वेळ सोडून द्या. पावसाळ्यात घाट उतरताना त्या टायरवर घरची सगळी माणसे बसलेली असतात.

मी इतिहास शिकवतो. मोटारी दुरुस्त करणे हा माझा धंदा नव्हे. पण आमच्या विषयात एक शिस्त असते. जुना कागद फेकून देण्यापूर्वी तो वाचावयाचा. झिजलेला टायर हा असाच एक दस्तऐवज आहे. गाडी कशी चालली, कोठे वाकली, तिची हेळसांड कोणती झाली, हे सारे त्याच्या रबरावर उमटलेले असते. ज्यांनी बैलगाडी वापरली आहे त्यांना हे नवे वाटू नये. कण्यावर चाक ढिले होऊन लडबडू लागले की लोखंडी धावेची एक कड आधी झिजते, आणि जाणता गाडीवान धावेला हात लावण्यापूर्वी कण्याकडे बघतो.

हाच प्रश्न इंग्लंडात पावणेतीनशे वर्षांपूर्वी थेट पार्लमेंटपुढे गेला होता. मात्र तो गेला रस्त्याच्या बाजूने. जड मालगाड्यांची अरुंद चाके टोलच्या रस्त्यांत खोल चाकोऱ्या पाडीत. म्हणून १७५३ साली कायदा झाला की, अशा गाड्यांच्या चाकांची पट्टी नऊ इंच रुंद असावी. आता त्या काळची चाके सरळ उभी नसत. कण्याची टोके किंचित खाली वाकवलेली असत आणि चाकाचा माथा बाहेर झुकलेला असे. झुकलेल्या चाकाची नऊ इंची पट्टी रस्त्यावर सपाट टेकवायची, तर ती आतल्या बाजूला मोठी आणि बाहेरच्या बाजूला लहान करणे भाग होते. परिणामी चाक म्हणजे शंकूचा एक तुकडा झाले.

येथे शिक्षकमंडळींनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. चहाचा कागदी पेला, एका तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता असा, टेबलावर आडवा करून ढकलावा. तो सरळ जात नाही; गोल फिरतो. रुंद तोंड एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, बूड कमी कापते. आता तोच पेला बोटांनी धरून जबरदस्तीने सरळ न्या. कोठे तरी तो घासलाच पाहिजे! अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने अठराव्या शतकाच्या अखेरीस नेमके हेच लिहून मांडले. शंकूसारखे चाक सरळ रस्त्यावर निखळ फिरत नाही, ते घासते. रस्ता दळते आणि स्वतःही झिजते. रस्ता वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने रस्ता दळणारी चाके जन्माला घातली होती. राज्यकारभाराच्या इतिहासात असले नमुने पुष्कळ सापडतात, पण तो आजचा विषय नव्हे.

आपल्या मोटारीच्या चाकाचे हे झुकणे आजही असते. त्याला मेकॅनिक कॅम्बर म्हणतात. ते अगदी थोडे असते आणि कारखान्याने हिशेबाने ठेवलेले असते. पण स्प्रिंग बसली, खड्ड्यात आपटून एखादा भाग वाकला किंवा बॉल जॉइंट ढिला झाला, की झुकणे वाढते आणि टायर त्या जुन्या शंकूसारखा एका कडेने घासू लागतो. माथा आत झुकला असेल तर आतली कड जाते, बाहेर झुकला असेल तर बाहेरची. झीज एकाच कडेला आणि हाताला गुळगुळीत लागत असेल, तर पहिला संशय येथे घ्यावा. अर्थात घाटातली वळणे जोरात मारणाऱ्याच्याही पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा झिजतात. तेथे दोष चाकाचा नाही, उजव्या पायाचा आहे.

दुसरी गोष्ट वळणाची. चार चाकांची गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळावर चालते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर. दोन्ही पुढची चाके सारख्याच कोनात वळवली, तर एक चाक फरफटणार, हे उघड आहे. जुन्या घोडागाड्यांत सबंध पुढचा कणाच मधल्या खिळ्याभोवती फिरवीत. म्युनिक येथील गाड्या बांधणारा गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने कणा स्थिर ठेवून प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर वेगळे वळेल अशी रचना केली. इंग्लंडातले तिचे पेटंट १८१८ साली त्याच्या वतीने रुडॉल्फ अकरमन याने घेतले. हा अकरमन लंडनमध्ये चित्रे छापून विकणारा प्रकाशक! रचना आज जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते; लांकेनश्पेर्गरचे नाव ग्रंथांच्या तळटीपांत राहिले. त्याच्याही काही दशके आधी इरॅस्मस डार्विन या वैद्याने, म्हणजे उत्क्रांतिवाद्या डार्विनच्या आजोबाने, अशीच कल्पना लढवली होती. हा वळणाचा प्रश्न किती अवघड होता पाहा : कार्ल बेंझ यांची १८८६ च्या पेटंटची मोटार तीन चाकांची होती. पुढे एकच चाक ठेवले म्हणजे दोघांच्या भांडणाचा प्रश्नच उरत नाही. चार चाकांवर ते १८९३ मध्ये आले.

चाके वेगवेगळी वळू लागली आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या आल्या. दांडी आली की ती वाकणार, तिचा सांधा ढिला होणार. मग सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांकडे जास्त वळतात किंवा एकमेकांपासून फाकतात. मेकॅनिक याला टो म्हणतात. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, म्हणून तो फसवा. पण हिशेब करून बघा. चाक प्रवासाच्या दिशेशी फक्त एक अंशाने तिरके असेल, तर एक किलोमीटर पुढे जाताना भूमितीप्रमाणे ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे ओढले जाते. पाच हजार किलोमीटरांत ही फरफट सत्त्याऐंशी किलोमीटर होते. हे चाक चाललेले नव्हे. रस्त्याच्या कानशीवर आडवे घासलेले अंतर आहे. टायर दुसरे काय करील?

ही झीज ओळखावयाची ती डोळ्यांनी नव्हे, तळहाताने. टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवावा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. (तारा बाहेर आल्या असतील तर हात कापतो, हे ध्यानात असू द्या.) एका दिशेने हात सुळकन जातो आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातासारखे अडकते, तर दोष टोचा. बाहेरून आत येताना गुळगुळीत आणि आतून बाहेर जाताना दाते लागत असतील, तर चाकांची तोंडे प्रमाणाबाहेर आत वळलेली आहेत. उलट लागले तर फाकलेली. इतका स्पष्ट पुरावा आम्हा इतिहासवाल्यांना क्वचितच मिळतो हो!

आता हवेकडे येऊ. हवेचे चाक म्हटले की डनलॉप यांचे नाव निघते. बेलफास्टमधल्या या जनावरांच्या डॉक्टरांनी १८८८ साली मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ते केले, हे खरेच. पण रॉबर्ट विल्यम टॉमसन या तेवीस वर्षांच्या तरुणाने १८४५ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. ते जुने पेटंट पुढे आले तेव्हा मूळ कल्पनेवरचा डनलॉप यांचा हक्क टिकला नाही. टॉमसन यांच्या वेळी सायकलीही नव्हत्या आणि मोटारीही. म्हणून त्यांचा शोध चाळीस वर्षे पडून राहिला. सुरुवातीचे मोटारीचे टायर पांढुरके असत आणि फार लवकर झिजत. विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात काजळी मिसळू लागले, तेव्हा ते काळे झाले आणि घासणे सोसू लागले. आपल्या घरी दिव्यावर धरलेली ती काजळी, तिच्याच जातीची ही वस्तू आहे.

हवेची झीज वाचणे सर्वांत सोपे. हवा कमी असेल तर टायर मधून उचलला जातो, भार दोन्ही कडांवर येतो आणि मधली नक्षी तशीच राहून दोन्ही कडा जातात. हवा जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो. आज मात्र एक फसगत होते. मिशलँ कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून तो विकावयास काढला. त्याच्या आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. तो टिकतो पुष्कळ; परंतु त्याची कूस मऊ असल्यामुळे पुरेशी हवा असतानाही तो खाली फुगलेला दिसतो. जुन्या आडव्याउभ्या धाग्यांच्या टायरला लाथ मारून किंवा नजरेने हवा सांगणारे उस्ताद येथे चुकतात. हवा गेजनेच मोजावी, तीही सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना. किती भरावी हे बहुतेक गाड्यांच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या चौकटीत लिहिलेले असते.

ठरावीक अंतराने वाटीसारखे खोलगट खड्डे पडलेले दिसले, तर शॉक अॅब्सॉर्बर मेले आहेत किंवा चाकाचे वजन सारखे नाही. चाक उडत उडत चालते आहे. एकाच जागी सपाट डाग असेल तर कधी तरी ब्रेक जाम होऊन चाक घसटले. त्यावर फार विचार करण्याचे कारण नाही.

विचार करावा तो दुसऱ्याच एका चालीवर. टायर एका बाजूने झिजताना दिसला की पुष्कळजण लगेच चाके अदलाबदल करून घेतात. अदलाबदल मुळात चांगलीच. अम्बॅसिडर आणि पद्मिनी या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना मिळे. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० पासून घरोघरच्या लहान गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाऊ लागल्या. ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार, तिन्ही कामे पुढच्याच टायरांवर आली. ते लवकर झिजणार, म्हणून मागेपुढे करावयाचे. पण दोष शोधण्यापूर्वी अदलाबदल करणे म्हणजे पुरावा जागेवरून हलवणे. पुढच्या डाव्या चाकाची साक्ष मागच्या उजव्याकडे गेली. वर दोष जागेवरच राहिल्यामुळे तो आता दुसरा टायर खाऊ लागला. सहा महिन्यांनी चारही टायरांवर चार तऱ्हेची झीज दिसते आणि चांगला मेकॅनिकही डोके धरून बसतो. म्हणून चाक उतरवण्यापूर्वी खडूने टायरवर लिहावे : ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’. खडू शिक्षकाच्या खिशात असतोच.

आणखी एक. उभ्याने पाहिले तर आपल्याला टायरची बाहेरचीच कड दिसते. आतली कड तारा दिसेपर्यंत झिजलेली असते आणि मालक म्हणतो, नक्षी तर आहे की! असा टायर वेगात फुटतो. महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरांच्या आतल्या कडा बघाव्यात, मागच्यांसाठी वाकून टॉर्च मारावा. नक्षीच्या खाचांत आडवे उंचवटे असतात. मोटारीच्या टायरवर ते १.६ मिलिमीटर खोली उरल्याची खूण असतात. रबर कोठेही त्यांच्या पातळीला आले की टायर संपला, बाकीची नक्षी कितीही शिल्लक असो. खाचांतून पाणी निघण्यास जागाच उरत नाही आणि भिजल्या रस्त्यावर गाडी पाण्यावर तरंगते.

गॅरेजात गेल्यावर क्रम चुकवू नये. आधी हवा, मग जॅकवर चाक उचलून हाताने हलवून बघणे, ढिले बुश आणि सांधे बदलणे, आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात बिघडते आणि पैसे पाण्यात जातात. काम झाल्यावर यंत्रातून कोनांचा कागद निघतो. आधीचे आकडे एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या. तो मागून घ्यावा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहावे आणि गाडीच्या कागदपत्रांतच ठेवून द्यावा. पुढच्या खेपेला गाडीने टायर खाल्ला, तर ताडून पाहावयास तोच लागेल.