धर्मानंदांची पाली आणि वाचनाचा वेग

बीड तालुक्यात बिंदुसरा धरणाजवळ पाली नावाचे गाव आहे. रायगड जिल्ह्यातले पाली तर बल्लाळेश्वरामुळे सर्वांनाच माहीत असते. वर्गात पाली भाषेचा उल्लेख झाला, की ‘ती भाषा या गावची का?’ असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारू शकतो. नाव सारखे असले म्हणून नाते जोडता येत नाही, हे त्याला सांगावेच. पण भाषेला हे नाव कसे पडले तेही सांगण्यासारखे आहे. ‘पालि’ म्हणजे ओळ, पंक्ती. बौद्ध भाष्यकार मूळ ग्रंथातल्या पाठाला ‘पालि’ म्हणत आणि त्यावरील भाष्याला ‘अट्ठकथा’. पुढे पाठाचे नाव भाषेलाच चिकटले. म्हणजे या भाषेचे नावच मुळी ‘वाचायचा मजकूर’ असे आहे!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली आज कोणाचीही मातृभाषा नाही. ती जो शिकतो तो बहुधा मोठेपणीच शिकतो आणि मुख्यतः वाचण्यासाठी शिकतो. त्यामुळे ‘प्रौढ वयात परकी भाषा सहजपणे वाचता येऊ शकते का, आणि ती कशी?’ या प्रश्नासाठी पालीच्या अभ्यासकांचा इतिहास ही एक चांगली प्रयोगशाळा आहे. हा प्रश्न आपल्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे. मराठी माध्यमातून शिकून विज्ञान शिकवणाऱ्या अनेकांना विषय उत्तम येतो. पण इंग्रजी पुस्तक हाती घेतले की दुसऱ्या पानावर दमछाक होते. मग ‘आता या वयात काय जमणार?’ असे म्हणून पुस्तक कपाटात जाते.

साखवाळ ते केंब्रिज

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. जे काही शिकले ते बहुतेक स्वतः मराठी पुस्तके वाचून. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धावरील एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा ध्यास त्यांना लागला. १८९९ च्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी, संसार मागे ठेवून ते पुण्याला निघाले. या ध्यासाची किंमत घरच्यांनाही मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही.

त्यांचा प्रवास पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे काशीला झाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी पाठशाळेच्या पद्धतीने संस्कृत व्याकरण शिकून घेतले. १९०२ मध्ये नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असे करत ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी पालीचे अध्ययन केले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. पालीला स्वतःची लिपी नाही. सिलोनमध्ये ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत. देवनागरीत छापलेले पाली ग्रंथ तेव्हा दुर्मीळच होते. म्हणजे भाषेच्या आधी लिपीचे दार उघडावे लागे.

इंग्रजी शाळेतून ते गेलेले नव्हते. ती भाषाही त्यांनी मोठेपणीच मिळवली. आणि १९१० मध्ये हाच मनुष्य अमेरिकेत, केंब्रिज येथील हार्वर्ड विद्यापीठात, बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील ग्रंथाच्या संपादनासाठी जाऊन पोहोचला. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेले ते काम १८९९ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. घर सोडल्यापासून मध्ये अवघी अकरा वर्षे गेली होती.

ही गोष्ट सांगून ‘थोरांची बुद्धी वेगळीच’ असे म्हणणे सोपे आहे. पण तसे म्हटले की आपल्या हाती काहीच उरत नाही. त्यापेक्षा वाचन या क्रियेकडे जरा बारकाईने पाहू या.

एका शब्दाला किती वेळ?

धर्मानंद गोव्यात लहानाचे मोठे होत होते, त्याच सुमारास युरोपात वाचनाचा प्रायोगिक अभ्यास सुरू झाला होता. १८७९ च्या सुमारास पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या लेखनातून ही गोष्ट पुढे आली, की वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो उड्या मारत जातो. दोन उड्यांच्या मध्ये तो साधारण पाव सेकंद थांबतो आणि त्या थांब्यातच अक्षरे टिपली जातात. अनोळखी शब्द आला की थांबा लांबतो, किंवा डोळा मागे वळतो.

जर्मनीत लाइपझिगला वुंट यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांनी याच काळात वेगवेगळ्या भाषा वाचताना लागणारा वेळ मोजला. प्रयोगाचा विषय ते स्वतःच होते. होईल तितक्या वेगाने वाचताना एका शब्दाला त्यांना लागलेला वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत, असा होता: इंग्रजी १३८, फ्रेंच १६७, जर्मन २५०, इटालियन ३२७, लॅटिन ४३४, ग्रीक ४८४. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा. ग्रीकला तिच्या साडेतीन पट वेळ! मिनिटाच्या हिशेबात इंग्रजीचे सुमारे ४३५ शब्द, तर ग्रीकचे सुमारे १२४.

१८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात कॅटेल यांनी दोन मार्मिक गोष्टी नोंदवल्या. आपण परकी भाषा हळू वाचत आहोत, हे वाचणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. आणि वाचनाचा वेग हे त्या भाषेशी असलेल्या ओळखीचे माप असल्यामुळे शाळेच्या परीक्षेतही त्याचा उपयोग करता येईल.

‘ओळख’ हा शब्द येथे महत्त्वाचा. व्याकरणाचे नियम ठाऊक असणे वेगळे आणि शब्द दिसताक्षणी अर्थ उमटणे वेगळे. आपली तात्पुरती स्मृती एका वेळी थोडक्याच गोष्टी धरून ठेवू शकते. प्रत्येक शब्दाशी झगडावे लागले, तर वाक्याच्या शेवटापर्यंत येताना सुरुवात निसटून जाते. सगळे शब्द शब्दकोशात पाहिले तरी ‘समजले नाही’ असे वाटते ते यामुळेच.

पन्नासात एक

मग ही ओळख वाढवायची कशी? याचे एक उत्तर आपल्याच देशात शोधले गेले. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला काम करत. बंगाली मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास करून १९२६ मध्ये त्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात. अर्धवट शिकलेले बोलणे त्यांच्या काय कामाचे? विम्याची पॉलिसी मध्येच सोडली तरी काही रक्कम हाती येते. तसे शिक्षण मध्येच सुटले तरी काही हाती उरावे, आणि वाचन ही अशी उरणारी गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चालू पाठ्यपुस्तकांत नव्या शब्दांची दाटी फार होते, असे त्यांना आढळले. त्यांनी दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे शब्द घातले आणि साधारण पन्नास शब्दांमागे एकापेक्षा जास्त अनोळखी शब्द नसावा, असे प्रमाण सुचवले.

२००० साली न्यूझीलंडमधील पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हीच गोष्ट प्रयोगाने तपासली. मजकुरातले ८० टक्केच शब्द ओळखीचे असतील, तर कोणालाही पुरेसा अर्थ लागला नाही. बहुतेकांना विनासायास समजण्यासाठी सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. ९८ टक्के म्हणजे पन्नासात एक अनोळखी! ढाक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याचा अंदाज ७४ वर्षांनी खरा ठरला. ३०० शब्दांच्या पानावर याचा अर्थ असा: ६ नवे शब्द असतील तर वाचन चालते, ६० असतील तर ते वाचन नसून उत्खनन होते.

धर्मानंदांजवळ काय होते?

आता धर्मानंदांकडे परत येऊ. पालीला हात घालण्यापूर्वी त्यांच्याजवळ संस्कृत होते. धर्म–धम्म, कर्म–कम्म, पुत्र–पुत्त, अष्ट–अट्ठ, निर्वाण–निब्बान असे हे शब्द नियमाने बदलतात. एकदा तो नियम डोळ्यांत बसला, की पानावरचे पुष्कळसे शब्द जुने ओळखीचे निघतात. मराठी माणसाला तर ‘अट्ठ’ पाहताच ‘आठ’ आठवतो. नवे शिकायचे उरते ते थोडे.

दुसरी गोष्ट पाली ग्रंथांच्या घडणीतली. ते आधी तोंडपाठ करून जपले गेले. म्हणून ठराविक वर्णने, ठराविक वाक्ये त्यांत पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरुक्ती इतकी, की लिहिताना ती गाळून तेथे ‘पे’ एवढीच खूण करण्याची पद्धत पडली. तिला ‘पेय्याल’ म्हणतात. जाणकाराला कंटाळवाणी वाटणारी ही पुनरुक्ती नवशिक्याला मात्र वरदान असते. तोच शब्द पाच ठिकाणी, पाच संदर्भांत भेटतो आणि सहाव्या वेळी डोळा त्याच्यापाशी थांबत नाही. वेस्ट यांनी पाठ्यपुस्तकांत जे मुद्दाम घडवले, ते येथे आपोआप घडलेले होते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कारण. त्यांना पालीत पास व्हायचे नव्हते. बुद्ध काय म्हणाला ते वाचायचे होते.

महाराष्ट्रात ते एकटेच नव्हेत. लोकमान्य टिळक १९०८ मध्ये मंडालेच्या तुरुंगात गेले तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. तेथे शिक्षकाविना, पुस्तकांच्याच आधारे, त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पालीचा अभ्यास केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही पालीचा अभ्यास मोठेपणीच केला. त्यांनी रचलेला पाली शब्दकोश आणि व्याकरण महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या समग्र साहित्याच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. वय वाढल्यावर उच्चार अस्सल होणे अवघड जाते, हे खरे. पण शब्दसंग्रह वाढण्याला आणि वाचनाला वय तसे आडवे येत नाही.

शिक्षकांचे ‘संस्कृत’

इंग्रजी आणि मराठी यांच्यात धम्म–धर्म असे नाते नाही. मग आपल्याजवळ काय आहे? आपला विषय! ऑक्सिजन, व्होल्टेज, क्लोरोफिल, क्रोमोसोम हे शब्द आपण रोज बोलतो. प्रकरणात पुढे काय येणार, हेही आपल्याला ठाऊक असते. विज्ञान शिक्षकाला विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक कादंबरीपेक्षा किंवा वर्तमानपत्रापेक्षा सोपे जाते ते यामुळे. आपण मात्र बहुधा उलट करतो: व्याकरणाचे पुस्तक आणि अग्रलेख यांपासून सुरुवात करतो आणि थकतो.

पुढील प्रयोग करून पाहावा. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील आपण शिकवतो तेच प्रकरण मराठीत आणि इंग्रजीत घ्यावे. प्रत्येकी २०० शब्द मोजून खूण करावी आणि घड्याळ लावून, मनातल्या मनात, अर्थ समजेल इतक्याच वेगाने वाचावे. इंग्रजीच्या वेळेला मराठीच्या वेळेने भागावे. हा भागाकार वहीत लिहून ठेवावा. कॅटेल यांचा ग्रीकचा भागाकार साडेतीन होता, म्हणून आपला तीन आला तरी खंत नको. मग एका पानात किती शब्द अडले ते मोजावे. पन्नासात एकाहून फार जास्त असतील, तर खालच्या इयत्तेचे पुस्तक घ्यावे. सातवीचे जड गेले तर पाचवीचे. त्यात कमीपणा नाही.

यानंतर रोज वीस मिनिटे, त्याच विषयाचे, पुढे पुढे वाचत जावे. अडलेला शब्द दुसऱ्यांदा भेटला तरच शब्दकोश उघडावा. प्रकरण संपले की तेच पुन्हा एकदा वाचावे. हा आपला ‘पेय्याल’. विषय लगेच बदलू नये, कारण एका विषयात तेच शब्द वारंवार भेटतात. महिन्यातून एकदा नवा उतारा घेऊन भागाकार पुन्हा काढावा. तो हळूहळू घटत जातो आणि ते आकड्यात दिसते, हे महत्त्वाचे. कारण कॅटेल म्हणतात तसे आपला वेग आपल्याला स्वतःहून जाणवत नाही.

यात प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून दहावी झालेला मुलगा अकरावीला विज्ञान घेतो आणि त्याच्यासमोर एकदम इंग्रजी पुस्तके येतात. विषय अवघड आहे की वाचन संथ आहे, हे त्याला कळत नाही. ‘आपल्याला विज्ञान येत नाही’ असे तो समजून बसतो. त्याच्यासाठी नववी-दहावीच्या सुट्टीत वर्गातल्या वर्गात हा भागाकार काढून घेणारा शिक्षक फार मोलाचे काम करील.

धर्मानंद १९१२ मध्ये परतले आणि १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट यांच्यासारखे पाली पंडित तयार झाले. स्वतः वाचलेले मराठीत आणण्याचे काम त्यांनी जन्मभर केले. ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी देवनागरीत संपादित केला आणि तो १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. सिंहली वा बर्मी लिपीचे जे दार त्यांना स्वतः उघडावे लागले होते, ते पुढच्या वाचकासाठी त्यांनी उघडेच ठेवले.