शिकागोचा इमेज प्रोसेसर आणि वाटून टाकलेले आराखडे

1960च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरनं संगीतात नवी वाट पाडली होती. वेगवेगळी मॉड्यूल वायरींनी हवी तशी जोडायची आणि एकाच्या व्होल्टेजनं दुसऱ्याला चालवायचं. आवाज असा घडवता येतो, तर चित्र का नाही? बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच दूरचित्रवाणी केंद्रात नाम जून पाइक आणि शुया आबे यांनी उभारलेलं यंत्र 1 ऑगस्ट 1970 रोजी चार तास थेट प्रक्षेपणात चाललं. सॅन फ्रान्सिस्कोत स्टीफन बेक कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या सर्किटांतून रंगाकार काढत होते.

शिकागोत डॅन सँडिन यांनी या प्रश्नाचं जे उत्तर दिलं, ते सर्वांत दूरवर पोचलं. भौतिकशास्त्र शिकलेले सँडिन इलिनॉय विद्यापीठाच्या कला विभागात शिकवत. 1971 ते 1973 या काळात त्यांनी ‘इमेज प्रोसेसर’ बांधला. त्यातलं प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्र पेटीत होतं आणि कुठल्याही पेटीचं आउटपुट कुठल्याही पेटीच्या इनपुटला जोडता येई.

या पेट्या चित्र घडवतात ते असं. टीव्हीच्या पडद्यावर किरण रेघ-रेघ करत सरकतो आणि त्या क्षणीच्या व्होल्टेजवर ठिपका किती उजळ होणार ते ठरतं. अमेरिकी पद्धतीत 525 रेघांचं चित्र सेकंदाला सुमारे तीस वेळा रंगतं, म्हणजे एका रेघेला मिळतात जेमतेम 63.5 मायक्रोसेकंद. ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक गतीनं वरखाली होणारं व्होल्टेज देणारं सर्किट, रेघांच्या गतीच्या काही पट वेगानं फिरवला की पडद्यावर उभे पट्टे येतात. वेग पुष्कळ उतरवला की आडवे. रेघ आणि चित्र कधी सुरू होणार ते ठरवणाऱ्या सिंक सिग्नलशी त्याची सांगड नसेल तर पट्टे सरकत राहतात. कंपॅरेटर ठरावीक व्होल्टेजच्या वरचं सगळं पांढरं आणि खालचं काळं करतो. शेवटी लाल, हिरवा आणि निळा असे तीन व्होल्टेज एन्कोडरमध्ये एकत्र येऊन रंगीत सिग्नल बाहेर पडतो.

बांधणाऱ्याची खरी गाठ वेगाशी असते. कानाला ऐकू येणारी कंपनं सेकंदाला वीस हजारांपर्यंत, तर चित्राचा सिग्नल चाळीस लाखांच्या पुढे. आवाजाच्या सर्किटात खपून जाणारी लांब वायर किंवा संथ चिप इथे चित्राच्या कडा पुसट करते. केबलच्या टोकाला 75 ओहमचा रेझिस्टर नसेल तर सिग्नल परत उसळतो आणि चित्रामागे त्याची सावली उमटते.

असं यंत्र पुन्हा बांधता यावं, यासाठी सँडिन यांनी त्याची विक्री न करता आराखडेच खुले केले. स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमध्ये व्हिडिओ शिकवणारे फिल मॉर्टन यांना स्वतःचा प्रोसेसर हवा होता. त्यांनी पहिली प्रत बांधली आणि त्या कामातूनच दोघांचा ‘डिस्ट्रिब्यूशन रिलिजन’ हा दस्तऐवज आकाराला आला. त्यात सर्किट डायग्राम होते, सुट्या भागांच्या याद्या होत्या आणि जोडणीच्या सूचनाही. मॉर्टन यांचा आग्रह इतकाच होता की नक्कल इमानानं करावी आणि सुधारणा केली तर तीही इतरांना कळवावी. या कागदांवरून कलावंतांनी आपापले प्रोसेसर उभे केले. ज्यानं प्रत्येक पेटी स्वतः सोल्डर करून जोडली, त्याला पडद्यावरच्या प्रत्येक बदलाचं कारणही कळत होतं. विकत घेतलेल्या यंत्रातून ही समज इतक्या सहज येत नाही आणि या कामाची मोठी कमाई तीच आहे.

याउलट, लंडनच्या ईएमएस कंपनीसाठी रिचर्ड मंकहाउस यांनी बनवलेला ‘स्पेक्ट्रॉन’ हा व्हिडिओ सिंथेसायझर बाजारात आला, पण मोजक्याच लोकांपर्यंत पोचला. 1980च्या दशकात डिजिटल इफेक्ट आले आणि अॅनालॉग यंत्रं मागे पडली.

2008 मध्ये लार्स लार्सन आणि एड लेकी यांनी एलझेडएक्स इंडस्ट्रीज सुरू केली. जर्मनीच्या डोपफर कंपनीनं 1990च्या दशकात रूढ केलेली, संगीताच्या सिंथेसायझर मॉड्यूलसाठीची युरोरॅक चौकट त्यांनी चित्रासाठी वापरली आणि सिग्नलची मर्यादा शून्य ते एक व्होल्ट ठरवली. पुढे त्यांनी स्वतः बांधण्यासाठी ‘कॅडेट’ मालिका आणली. तिचे सर्किट डायग्राम खुले होते आणि बांधणारा कोरा सर्किट बोर्ड व पुढचं पॅनेल घेऊन भाग स्वतः सोल्डर करू शकत होता. मालिकेतलं पहिलं मॉड्यूल सिंक जनरेटर आणि दुसरं आरजीबी एन्कोडर, कारण या दोघांशिवाय बाकीच्या मॉड्यूलचं काम पडद्यापर्यंत पोचत नाही.