सड्यावरचा हत्ती कुणी पाहिला?

आता कोकणातल्या सड्यांकडे येऊ. सडा म्हणजे अंगणातला शेणसडा नव्हे, जांभ्याचं उघडं, विस्तीर्ण पठार. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा पठारांवर कातळशिल्पं आहेत. काही गावांत ती पांडवांच्या नावावर जमा होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी सडे पायी पालथे घातले, तेव्हा त्यांचा पसारा लक्षात आला. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत ९ ठिकाणं गेली, त्यातलं एक गोव्यातलं.

वय किती? कातळात कोरलेल्या रेषेत सेंद्रिय काही नसतं, त्यामुळे कार्बन पद्धतीने ते थेट काढता येत नाही. अंदाज दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे जातात. या शिल्पांत गेंडा ओळखला गेला आहे. आज कोकणात गेंडा नाही. मग कोरणाऱ्याने तो पाहिला कुठे?

पण मला अडवतो तो कशेळीचा हत्ती. लांबी सुमारे १८ मीटर, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. आपण पाहतो तो ड्रोनने काढलेला फोटो. कोरणाऱ्याचा डोळा मात्र जमिनीपासून पाच फुटांवर! तिथून पाय दिसेल, सोंड दिसेल, अख्खा हत्ती एका नजरेत नीट येणार नाही. म्हणजे तो आधी मनात होता, आणि कातळावर तो चालत-चालतच जुळवायचा. 'शिकारीसाठी केलेली जादू' हे ठरावीक उत्तर मला घाईचं वाटतं. देवी हसोळच्या चौकोनी, भौमितिक रचनेत कुठली शिकार शोधणार?

आणि इथेच खरी अडचण आहे. चिरेखाण लागली की यंत्राची चकती सड्याचा वरचा थर आधी कापते. चित्र असतं नेमकं त्याच थरात. चिरा काढणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याचं पोट त्यावर आहे, आणि आपली घरंही त्याच चिऱ्यांची. शिल्पाभोवती कुंपण घालतात, घालावंच. पण चहूकडे खाणी आणि मधोमध पिंजऱ्यातला हत्ती, असं झालं तर त्याच्याभोवती चालायचं कुठे? राखायचा आहे तो सडा. किती आणि कुठपर्यंत, हे जमीनमालकांशी, गावाशी बसूनच ठरवावं लागेल. कारण अनेक सडे सरकारचे नाहीत, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत.