नोटगेल्ट : जर्मनीतील तुटवड्याच्या काळातील स्थानिक नाणी

पहिल्या महायुद्धात व त्यानंतरच्या काही वर्षांत जर्मनीतील नगरपालिका, जिल्हे, ट्राम कंपन्या आणि कारखाने यांनी आपापल्या हद्दीपुरती काढलेली नाणी. यांतली बहुतेक १९१६ ते १९२१ या काळातली आहेत.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच राइश्सबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि लोकांनी सोन्याचांदीची नाणी घरात दडवली. पुढे चिल्लरही आटली, कारण तिचा धातू युद्धाला हवा होता. तोफगोळ्यांच्या कड्यांना तांबे लागे, चिलखती पोलादाला निकेल. सरकारने ५ व १० फेनिगची (फेनिग म्हणजे मार्काचा शंभरावा भाग) लोखंडी नाणी आणि ॲल्युमिनियमचा १ फेनिग काढला, तरी गरज भागेना. पाव घेतला, ट्रामचे तिकीट काढले, की मोड कुठून आणायची हा प्रश्न रोजचाच झाला.

तेव्हा गावोगावच्या नगरपालिका पुढे सरसावल्या. न्यूरेंबर्गच्या लाउअरसारख्या खाजगी कारखान्यांतून त्यांनी मुख्यतः ५, १० व ५० फेनिगची नाणी पाडून घेतली. धातू उरलासुरला : जस्त किंवा लोखंड. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर देत. कित्येक नाणी अष्टकोनी असत, म्हणजे सरकारी नाण्यांशी गल्लत होत नसे.

कायद्याच्या दृष्टीने हे अधिकृत चलन नव्हते. सरकारने ते चालू दिले, इतकेच. वेशीबाहेर त्याला कोणी विचारत नसे. वेशीच्या आत मात्र त्या हलक्या धातूमागे नगरपालिकेचा शब्द होता, आणि दुकानदाराला तो पुरे झाला. या नाण्यांचे खरे महत्त्व इथेच आहे. याच काळात युद्धकैद्यांच्या छावण्यांतही स्वतंत्र चलन होते, पण ते निराळ्या हेतूचे : कैद्याच्या हाती बाहेर चालणारा पैसा पडू नये, म्हणजे पळून जाणे अवघड.

युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही, पण नाण्यांत हौस उतरली. बॉनने १९२० मध्ये नाण्यांवर संगीतकार बेथोव्हेनचा मुखवटा उमटवला. सॅक्सनी राज्याने १९२० व १९२१ ची २० फेनिगपासून २० मार्कांपर्यंतची नाणी माइसेनच्या प्रसिद्ध चिनी मातीच्या कारखान्यात तपकिरी मातीची घडवली. व्यापाऱ्यांनी टपाल तिकिटे छोट्या डब्यांत बंद करून मोड म्हणून दिली; डबीच्या पाठीवर अर्थातच जाहिरात.

जुलै १९२२ मध्ये अशा चलनावर बंदी आली, पण महागाईने ती टिकू दिली नाही. १९२३ मध्ये हॅम्बुर्गने ॲल्युमिनियमची नाणी काढली. वेस्टफालिया प्रांताच्या १९२३ च्या एका नाण्यावर तर एक लाख कोटी मार्क ही किंमत आहे. नोव्हेंबरात आलेल्या रेंटनमार्क या नव्या चलनात तिचा हिशेब एका रेंटनमार्काचा झाला, आणि ते नाणे लोकांनी आठवण म्हणून विकत घेतले.